चंद्रकोरींची कानटोपी

काल्हेर,
८ ऑगस्ट २००४

चि. क्षितिजास,
आईचा आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन करावा तर बूथवाला आपल्याच गावचा, त्याचे कान सशाचे. घरच्या फोनपाशी तुझे बाबा बसलेले. म्हणून पत्र. उत्तर मात्र इथे पाठवू नकोस. भिवंडीला तुझ्या शाळेतल्या सुमतीबाई आहेत ना, त्यांच्या पत्त्यावर पाठव. त्यांनीच तसं सांगितलंय.

तुला सातवा सरत आला. पहिलटकरणीची ओटी भरून तिला माहेरी आणायची आपली रीत, आणि मी तुला आणू शकत नाही. परवा शेजारच्या गोदूबाईंनी नळावर चार जणींसमोर विचारलं, "कमळ, लेकीला बालतपनाला कवा आनतेस?" मी म्हटलं, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय. खोटं बोलले आणि कळशी अर्धीच घेऊन घरी आले. फार लाज वाटली गं.

तुझ्या सासूबाई एवढ्या लांबून, त्या हिमाचलातून, मुलासाठी तुला मागायला आल्या होत्या. तेव्हा तुझे बाबा आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. "बर्फात पोर देनार न्हाय" हे एकच वाक्य आतून. मग तुम्ही कोर्टात लग्न केलंत आणि घरात तुझं नाव निघेनासं झालं. मी मधल्यामधे. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला काय बोलायचं?

तर आता हस. मी विणायला शिकतेय. सुमतीबाईंकडे, आठवड्यातून दोनदा. घरी सांगते गुडघ्याला शेक घ्यायला जाते. भिवंडी एवढी कापडाची, रात्रंदिवस लूम खडखडतात, पण लोकरीच्या सुया धरलेली बाई आपल्या गावात औषधाला सापडायची नाही. आपल्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत दोन दिवस पंखा बंद. सुमतीबाई म्हणतात, "कमळताई, सुई आहे ती, कोयता नाही, एवढी घट्ट धरू नका." लोकरीचा गुंडा मी तांदळाच्या डब्यात लपवते.

बाळासाठी कानटोपी, हातमोजे आणि गळ्याभोवतीची पट्टी एवढं करणार आहे. तुमचा तो घाट बर्फाने बंद होतो म्हणतात. कधी होतो ते कळव. त्याआधी पोचायला हवं.

तुझी,
आई

.

केलाँगजवळून, लाहौल
२९ ऑगस्ट २००४

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

सुमतीबाईंचं अक्षर पाकिटावर बघून आधी वाटलं शाळेची फी राहिली की काय! आत तुझं अक्षर. दोनदा वाचलं, मग यांना मराठीतून वाचून दाखवलं. भिवंडीजवळ वडप्याच्या गोडाऊनला बटाट्याचे ट्रक उतरवून घेताना शिकलेलं मराठी यांना अजून कळतं. कोयत्याचं वाक्य ऐकून खूप हसले.

आई, तू लाहौलला विणून पाठवणार? इथल्या बायका चालता-चालता विणतात. पाठीवर गवताचा भारा, हातात सुया, तोंडाने गप्पा, आणि सुयांकडे नजर नाही. अम्मा, म्हणजे सासूबाई, मटार निवडता-निवडता मधेच चार ओळी विणून ठेवतात. तू उगाच बोटं दुखवून घेऊ नकोस.

असं लिहिलं खरं, पण खोडत नाही आणि खरं तेही लिहिते. पाठव. इथे दुसरी एक सून बाळंत झाली, तिच्या माहेरून पेटी भरून आलं. बायकांनी एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तेरे मायके से क्या आएगा?" मी म्हटलं, येणार आहे, लांब आहे ना. अम्मा मला वाचवायला म्हणाल्या, "मुंबई से आएगा, टाइम लगता है।" त्या काहीच बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं. माझी झाकली मूठ त्यांनाही दिसते, हे कळलं.

घाट नोव्हेंबरात कधीही बंद होतो. मग फोनही जातो, टपालही. वसंतापर्यंत आम्ही आणि बर्फ.

बाबा कसे आहेत, हे विचारत नाही.

तुझी,
क्षितिजा

.

काल्हेर,
१८ ऑक्टोबर २००४

चि. क्षितिजास,
आईचा आणि आजीचाही आशीर्वाद!

सुमतीबाईंच्या फोनवर तुझा आवाज ऐकला. मुलगा झाला, सुखरूप सुटका झाली, प्रितम नाव ठेवलं. दोन्हीकडे चालेल असं नाव काढलंत, शहाणी गं माझी. सुमतीबाईंनी साखर हातावर ठेवली. ती मुठीत घेऊन रिक्षात बसले. घरी पेढे कसे नेणार? कशाबद्दल म्हणून सांगणार? साखर अर्ध्या वाटेवर येईपर्यंत चिकट झाली, तीच चाटली.

पार्सल पाठवतेय. पट्टी सरळ आहे, तिच्याबद्दल बोलायचं कारण नाही. हातमोज्यांचे दोन्ही अंगठे एकाच बाजूला आलेत, ते बघून हसू नकोस. बाळाला कुठे कळतंय. पण कानटोपी बघ. लाल लोकर, कानावर दुहेरी वीण, हनुवटीखाली बांधायला गोफ. तीन वेळा उसवली, चौथ्यांदा सुमतीबाई म्हणाल्या, आता देवाच्या डोक्यावरही घालता येईल.

दोन्ही गोफांना वरच्या बाजूला चांदीच्या चंद्रकोरी लावल्यात. आपल्याकडे बाळाच्या टोपड्याला लावतात तशाच, गालावर डुलतील अशा. भिवंडीच्या सोनाराकडून नवीन घडवून घेतल्या. आता नीट वाच. या चंद्रकोरी काढायच्या नाहीत. कोणी काही म्हणालं तरी. थंडी संपेपर्यंत त्या बाळाच्या अंगावर राहिल्या पाहिजेत, मी तसा शब्द दिलाय. का आणि कुणाला, ते आत्ता विचारू नकोस. वेळ आली की सांगेन.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. सांगायला तोंड नाही, तरी सांग.

तुझी,
आई

.

१६ नोव्हेंबर २००४

ती. आईस,
सा. न.

पार्सल आलं! घाटातून आलेल्या शेवटच्या बसने. आज एक माणूस चालत घाट ओलांडणार आहे, त्याच्याबरोबर हे पत्र देतेय म्हणून घाईत आहे.

मी पेटीसारखंच उघडलं, सगळ्या बायकांना बोलावून. अंगठे बघून त्या इतक्या हसल्या की मलाही राग आला नाही. पण टोपी एकमेकींच्या हातातून काढून घेऊन बघितली. एकीने चंद्रकोर हलवून बघितली, दुसरीने दाताने चावून. आई, त्या दिवशी माझी मान किती वर होती, तू बघायला हवी होतीस.

फक्त अम्मा म्हणाल्या, "बहू, चाँदी उतार के रख दे।" मी सांगितलं, आईने देवीला नवस बोललाय, काढता येणार नाही. देवीचंच ना? मला तसंच वाटलं. नवसाचं ऐकून त्यांनी हात जोडले.

प्रितमला टोपी अजून मोठी होते. फेब्रुवारीपर्यंत बसेल. तेव्हा इथे एक सण असतो. वर्षात ज्या घरांत मुलगा झाला त्या घरी सगळं गाव येतं. तेव्हा घालेन, तुझ्या नावाने.

माणूस निघाला.

क्षितिजा

.

काल्हेर,
२० मार्च २००५

चि. क्षितिजास,
अनेक आशीर्वाद.

घाट उघडायला अजून वेळ आहे, हे मला ठाऊक आहे. तरी लिहून ठेवतेय, टपाल सुरू झालं की पहिल्या थैलीत जाईल. तुझा फोन एकदाच लागला, तोही "आई, सगळं ठीक आहे" एवढं म्हणून तुटला. की तू ठेवलास?

सण झाला ना? टोपी घातली ना? फोटो काढला असेल तर पाठव. सुमतीबाईंकडे मी रोज फोटोचा विषय काढते, त्या बिचाऱ्या आता मला बघितलं की चहा ठेवतात.

आणि एक. मे महिन्यात बाळाला घेऊन ये. हो, घरी. बाबांचं मी बघते. तू फक्त ये. बाळाला उन्हाळ्यात आंबा तरी चाटवू दे.

तुझी,
आई

.

२ मे २००५

ती. आईस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. प्रितम आता पालथा पडतो, हाताला येईल ते ओढतो.

फोटो काढला नाही. इथे फोटोवाला खाली मनालीहून येतो, त्याचं काही जमलं नाही. मे मधेही जमणार नाही. शेतात मटार लावायचे आहेत, अम्मांची कंबर दुखते. पुढच्या वर्षी बघू. प्रितम मोठाही होईल जरा.

टोपी चांगली आहे. काळजी करू नकोस.

क्षितिजा

.

काल्हेर,
५ जून २००५

क्षितिजा,

आशीर्वाद आहेच.

तुझं पत्र वाचलं. पत्र कसलं, बँकेतून येतो तसा कागद. मी तुला नऊ महिने पोटात वागवलंय, मला मटाराची गोष्ट सांगू नकोस. तूच सांगितलं होतंस, कोर्टातल्या लग्नातही कॅमेरा गळ्यात घालून फिरत होता तुझा नवरा. त्याच्याकडे फोटो नाही?

मला दोनच कारणं दिसतात. एक तर बाबांवरचा राग. पोराला घेऊन आलीस आणि ते पुन्हा आतल्या खोलीत बसले तर, असं वाटत असेल. तुझं चूक नाही. पण बापाला दगड समजू नकोस, एवढंच आज लिहू शकते.

दुसरं कारण असं की माझ्या विणकामाची तुला तुझ्या सासूपुढे लाज वाटली. अंगठे हसण्यावारी गेले, पण टोपीचंही काही झालं असणार. उसवली का? त्या बायकांनी नावं ठेवली का? "चांगली आहे, काळजी करू नकोस." अगं, टोपीची काळजी कोण करतं? फेकली असशील तर तसं लिही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं झालं म्हणायचं माझं. मी रडणार नाही. रडलेच तर सुमतीबाईंकडे रडेन.

पण खरं लिही.

आई

.

२८ जून २००५

ती. आईस,

नमस्कार करायचीही लाज वाटतेय, पण करते.

तुझं पत्र आल्यापासून मी तीन पत्रं लिहून फाडली. तू चुकीच्या जागी रडशील म्हणून हे पाठवतेय. टोपीला कुणीही नाव ठेवलं नाही. टोपी प्रितम अजून घालतो. त्यावर चंद्रकोरी नाहीत.

सणाच्या दिवशी अंगणात, छपरांवर, सगळीकडे बर्फ होतं. दुपार असली तरी वारा असा की डोळ्यातलं पाणी पापणीवर थिजावं. मी प्रितमला तुझी टोपी घातली. अम्मा माझ्या मागे आल्या. या वेळी हात जोडले नाहीत, नीट समजावून सांगितलं, "बहू, मन्नत का मुझे पता है। पर बाहर की ठंड में चाँदी काटती है। अंदर पहना, बाहर मत पहना।" मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द.

आई, तो नवस नव्हता गं मला अडवत. मला मिरवायचं होतं. वर्षभर "मायके से क्या आया" ऐकलं होतं. मला सगळ्या गावाला दाखवायचं होतं की हे आलं, चांदीचं आलं. अम्मांनी पुन्हा सांगितलं तेव्हा मी बोलून गेले, "आपको मेरे मायके का कुछ भी अच्छा नहीं लगता।" सगळ्यांसमोर. त्या मागे सरकल्या.

प्रितम माझ्या पाठीवर शालीत झोपला होता. मिरवणूक मोठी, ढोल वाजत होते, मी बघितलंच नाही. तो रडला असेल तर ढोलात ऐकू आला नाही. घरी येऊन टोपी सोडली तर डावी चंद्रकोर गालाला चिकटलेली. अम्मांनी कोमट पाणी लावून हळूच सोडवली. खाली गाल पांढरा पडला होता, मग फोड आला. डॉक्टर म्हणाले, थंड धातूने जळलंय, डोळा वाचला. आता जखम भरलीय, पण डाग आहे. चंद्रकोरीचाच.

अम्मांनी गावात सांगितलं की तंदूरची, म्हणजे घर उबदार ठेवायच्या शेगडीची, ठिणगी उडाली. मी विचारलं, खोटं का बोललात? म्हणाल्या, "तेरी माँ ने प्यार से भेजा था। उसका नाम क्यों आए।" मी त्यांना जे बोलले होते त्यानंतर त्या हे बोलल्या. त्या दिवसापासून मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. त्यांनी मला एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवला असता तर मी सुटले असते.

फोटोत डाग दिसतो. आणि घरी कशी येऊ? बाबा त्याचा गाल बघतील आणि म्हणतील, सांगितलं होतं, बर्फात पोर देणार नाही. त्यांना बोलायला जागा मीच करून ठेवली. तुला कळवलं असतं तर तू स्वतःला दोष दिला असतास. तुझा दोष नाही. मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

चंद्रकोरी मी कागदात गुंडाळून ठेवल्यात. देवीचा शब्द मोडला असेल तर मला शिक्षा होवो, त्याला नको.

क्षितिजा

.

काल्हेर,
१७ जुलै २००५

चि. क्षितिजास,

देवी कुठली घेऊन बसलीस गं. देवीचं त्यात काही नव्हतं.

तुला आता सगळं सांगते. गेल्या वर्षी गणपतीच्या आसपास मी तांदळाचा डबा उघडला तर लोकरीच्या गुंड्याशेजारी तुझ्या बाबांचा रुमाल, गाठ मारलेला. आत त्यांचा चांदीचा करदोटा. आजोबांनी दिलेला, कधी कमरेचा सोडला नाही तो. मी रुमाल घेऊन त्यांच्यापुढे गेले तर म्हणाले, "तुझा गुडघा बरा हाय, मना म्हाईत हाय. पोराच्या अंगावर काय तरी आपला असूदे. पन माझा नाव घेयाचा न्हाय. घेतलास तर बघ." मी म्हटलं, नाव घेऊ द्या की, लेक धावत येईल. तर म्हणाले, "कंच्या तोंडाने?" मग मला शब्द द्यायला लावला, थंडीभर पोराच्या अंगावरून काढू देयाचा न्हाय. त्या करदोट्याच्या मी चंद्रकोरी केल्या.

तो शब्द मी तुझ्या गळ्यात अडकवला आणि कारण माझ्यापाशी ठेवलं. एका ओळीत लिहिलं असतं की बाबांनी दिलंय, तर तुला मिरवायची गरज राहिली नसती. तू ते उशाखाली ठेवून झोपली असतीस. सासूबाईंनी सांगितल्यावर हसत काढून ठेवलं असतंस. मला बर्फ माहीत नव्हतं म्हणून एकवेळ माफ कर. पण मी लपवलं त्याची माफी कशी मागू? इथे गोदूबाईंना खोटं, घरात खोटं, तुलाही अर्धंच. आणि तिकडे त्या माउलीने माझं नाव झाकायला आणखी एक खोटं आपल्या डोक्यावर घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

तुझं पत्र मी सुमतीबाईंकडे वाचलं. घरी आणलं. या वेळी डब्यात ठेवलं नाही. तुझे बाबा जेवायला बसणार होते, त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, वाचा. त्यांनी सगळं वाचलं. "डोळा वाचला" इथे बोट ठेवून बसून राहिले. मग उठले, हात धुतले. जेवले नव्हते, तरी हात धुतले. ओट्यावर जाऊन बसले. गोदूबाई रस्त्याने चालल्या होत्या, त्यांना हाक मारून म्हणाले, "माझे लेकीला पोर झालाय. गेल्या आक्टोबरात. आमी कोनाला सांगितला न्हाय." त्या बिचाऱ्या रस्त्यातच थांबल्या. मग म्हणाल्या, "बरा झाला," आणि गेल्या.

आता ते तुला लिहायला बसलेत. मला बघू देत नाहीत.

आई

.

क्षितिजाला,
महादूचा आशीर्वाद.

मना लिवायची सवय न्हाय. चुकला तर समजून घे.

तुझ्या आईचा काय चुकला न्हाय. तुझाबी न्हाय. मी चांदी दिली पन चोरून दिली. देयाची तर उघड देयाची होती. नातू माझा हाय असा बोलायला मना लाज वाटली, आनि त्या लाजेनी पोराचा गाल जाळला.

तू बोलतेस मी बोलनार बर्फात पोर देनार न्हाय. न्हाय बोलनार. बर्फाने काय केला न्हाय.

तू पोराला घेऊन ये असा मी बोलत न्हाय. तुला बोलवायचा माझा तोंड न्हाय. मीच येतो, आईला घेऊन. सप्टेंबरात. पन तुझे सासूला आधी विचार. ती माझे दारात आली तवा मी बाहेर आलो न्हाय. तिने न्हाय सांगितला तर तिचा बरोबर हाय, मी रागवनार न्हाय. मग मी केलाँगच्या बस स्टँडवर उतरीन, पोराला लांबून बघीन नि परत येईन. तिला हे सगला वाचून दाखव. काय गालू नको.

महादू

.

९ ऑगस्ट २००५

ती. बाबांस,
सा. न.

हे पत्र सुमतीबाईंच्या नाही, आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय.

तुमचं पत्र अम्मांना हिंदीत करून सगळं वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. त्या मान खाली घालून विणत होत्या. वाचून झालं तरी सुया थांबल्या नाहीत, मला वाटलं झालं, नाहीच म्हणणार. मीच आधी बोलले. सणाच्या दिवशी जे तोंडातून गेलं होतं त्याची माफी मागितली, पायाला हात लावून. त्यांनी मला उठवलं, सुया बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, सप्टेंबरात इथे तुमच्याकडच्या माणसाला सोसणार नाही अशी थंडी पडते.

बाबा, मोज्यांसाठी त्यांनी तुमच्या पायाचं माप मागवलंय.

क्षितिजा